हयातीचा दाखला, अण्णांचा अंगठा आणि आपली चार दिवसांची रजा

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी उतारा, थोडा नीटनेटका करून.

आजचा विषय असा: आपण पुण्या-मुंबईत, आणि आपल्या जुन्या गावात एक म्हातारं माणूस. आई-वडील नाहीत, आजी-आजोबाही नाहीत. दोस्त. वयात पन्नास वर्षांचं अंतर असलेला, पण दोस्तच. माझे असे दोस्त फलटणला आहेत. वय 79. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, मीही म्हणतो. साखर कारखान्यात फिटर होते, मला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं. घरात एकटे असतात, मुलगी बंगळुरूला.

सप्टेंबरात शेजारच्या काकूंचा फोन आला. "अण्णांची पेन्शन तीन महिने झाले आली नाही. गोळ्या उधारीवर आणतायत. तुला सांगू नको म्हणालेत, पण मी सांगतेय." चार दिवसांची रजा टाकली आणि स्वारगेटहून एसटी धरली. त्या चार दिवसांत जे कळलं ते आज सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांवर ही वेळ येणार आहे.

पेन्शन थांबते कशी?

पेन्शन चालू राहायला दर वर्षी आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. तो दिला नाही की पेन्शन रद्द होत नाही, पण थांबते.

गोंधळ होतो तो तारखेचा. सरकारी पेन्शनरांचा हा महिना म्हणजे नोव्हेंबर. केंद्र सरकारच्या 80 वर्षांवरच्या पेन्शनरांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. अण्णांची पेन्शन मात्र पीएफ कार्यालयाची, ईपीएस-95 वाली. तिथे नोव्हेंबरचा संबंध नाही. वर्षात कधीही दाखला द्या, त्या दिवसापासून वर्षभर चालतो. म्हणजे प्रत्येकाची तारीख वेगळी. पारावरचे सगळे "नोव्हेंबर, नोव्हेंबर" म्हणतात, आणि अण्णांची मुदत उन्हाळ्यातच संपली होती. या योजनेची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये आहे. अण्णांना त्याहून थोडी जास्त मिळते. आपल्याला ही रक्कम किरकोळ वाटेल, पण त्यांचा औषधांचा सगळा खर्च त्यातूनच निघतो.

बरं, अण्णा गप्प बसले नव्हते. ते एका सेवा केंद्रात जाऊन आले होते. मशीनवर तीनदा अंगठा ठेवला, तीनदा लाल दिवा. तिथल्या मुलाने "नंतर या" म्हटलं. अण्णा दोनदा गेले, मग जायचे थांबले. मला म्हणाले, "अरे, माझाच अंगठा मला ओळखेना."

अंगठा का उमटत नाही?

मशीन बोटावरच्या बारीक रेषांचे उंचवटे वाचतं. वय वाढलं की कातडी कोरडी आणि सैल होते, उंचवटे झिजतात. ज्यांनी आयुष्यभर ऑइल, ग्रीस, सिमेंट, चुना हाताळला, धुणीभांडी केली, त्यांचे तर आणखी लवकर. म्हणजे ज्यांनी हाताने काम केलं, त्यांचेच हात मशीनला पटत नाहीत.

यावर उपाय आहे, तो म्हणजे चेहरा. डिजिटल हयातीच्या दाखल्याची 'जीवन प्रमाण' सेवा 2014 मध्ये सुरू झाली आणि 2021 पासून त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. अंगठ्याचं मशीन लागत नाही, साधा अँड्रॉइड फोन पुरतो.

करायचं कसं?

फोनवर दोन अ‍ॅप घ्यायची: 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण'. आधी ऑपरेटरची नोंद होते, म्हणजे फोन चालवणाऱ्याची. त्याचा आधार क्रमांक, मोबाइल, ईमेल, ओटीपी आणि चेहरा. मग पेन्शनरची माहिती: आधार, पीपीओ क्रमांक, बँक खातं, पेन्शन कोण देतं ते. पुन्हा ओटीपी, चेहरा समोर धरायचा, डोळ्यांची उघडझाप करायची. झालं की प्रमाण आयडी मिळतो.

आता इथे नीट लक्ष द्या. ऑपरेटर म्हणून तुम्ही स्वतःला नोंदवू शकता आणि पाच मिनिटांत काम उरकून मोकळे होऊ शकता. पण पेन्शनर स्वतःच स्वतःचा ऑपरेटर होऊ शकतो! मी अण्णांच्या फोनवर अण्णांनाच ऑपरेटर केलं. पाच मिनिटांच्या कामाला पूर्ण दुपार गेली. चष्मा काढा, खिडकीकडे तोंड करा, ओटीपी येईपर्यंत थांबा. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. फोन सगळा वेळ त्यांच्याच हातात होता. मी फक्त शेजारी बसलो होतो. कठीण गेलं ते मलाच, कारण हात सारखा फोनकडे जात होता.

प्रमाण आयडी आला म्हणजे सगळं संपलं असं समजू नका. माहिती चुकली असेल तर दाखला नाकारलाही जातो. म्हणून काही दिवसांनी तो स्वीकारला गेला का हे बघा. अण्णांचा स्वीकारला गेला आणि थकलेल्या महिन्यांचे पैसेही खात्यात आले.

फोन जमतच नसेल तर पोस्टमनला विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत ते घरी येऊन दाखला काढून देतात.

दोस्ताने काय करू नये

बँकेत मला पहिला प्रश्न आला, "तुम्ही यांचे कोण?" दोस्त म्हटलं तर कागदावर आपण कोणीच नाही. मला वाटतं, ते तसंच असलेलं बरं. त्यातून तीन नियम निघतात.

एक, त्यांच्या आधारला किंवा बँकेला स्वतःचा मोबाइल नंबर जोडू नका. ओटीपी तुम्हाला येऊ लागला की तुम्ही मीटिंगमध्ये आहात म्हणून त्यांचं काम अडणार. त्याऐवजी त्यांचंच सिम चालू राहील एवढं बघा.

दोन, त्यांचा पिन विचारू नका, सांगू लागले तर थांबवा. आज तुम्हाला विश्वासाने सांगतील, उद्या फोनवरच्या गोड आवाजालाही सांगतील. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कायद्यात नाही, हे त्यांच्याशी बोला. सायबर फसवणुकीसाठी 1930 आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी 14567, हे दोन नंबर मोठ्या अक्षरांत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तीन, घरच्यांना बाजूला सारू नका. मी अण्णांसमोरच, त्यांना विचारून, त्यांच्या मुलीला फोन लावला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण अण्णांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

आपण चार दिवस जातो आणि चाळीस कामं करून येतो. गाव म्हणतं, पोरगं गुणाचं. पण पाचव्या दिवशी आपण पुण्यात असतो आणि ते माणूस पुन्हा त्याच फोनसमोर एकटं असतं. म्हणून माझा हिशोब आता साधा आहे: मी निघाल्यावर जे चालू राहील, तेवढीच मदत.

तर या आठवड्यात एक काम करा. गावातल्या तुमच्या त्या माणसाला फोन लावा. "कसे आहात?" विचारलंत तर "मजेत" म्हणतील, म्हणून ते विचारू नका. विचारा, "तुमच्या हयातीच्या दाखल्याची तारीख कधीची?" उत्तर लगेच आलं तर छान. नाही आलं, तर रजेचा अर्ज टाका.

भेटू पुढच्या भागात!