कोमोरोसचा कोळसा

आयात-निर्यातीचे तक्ते वाचण्याचा नाद मला फार जुना. त्यातही जळणाचे तक्ते विशेष आवडीचे. गंमत अशी की, जळाऊ लाकडाच्या आयातीवर कोणता देश किती पैसे मोजतो हे बघायला ४४०१ हा सीमाशुल्काचा मथळा उघडावा, तर चीन आणि जपान वरच्या ओळींत दिसतात. तिथे काही घरोघरी चुली पेटलेल्या नाहीत. या एकाच मथळ्याखाली सरपण, भुसा, पेलेट (दाबलेल्या भुशाच्या गोळ्या) आणि लाकडाच्या चिपा एकत्र नांदतात, आणि चीन-जपान ज्या चिपा आणतात त्या मुख्यतः कागदाच्या लगद्यासाठी. नुसते पेलेट बघितले, तर ब्रिटन पुढे येतं. यॉर्कशरच्या ड्रॅक्स वीजकेंद्राने दगडी कोळसा सोडून लाकूड धरलं, तेव्हापासून अमेरिकेच्या दक्षिणेतलं लाकूड अटलांटिक ओलांडून येतं. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. शिवाय एकाच मालाचे दोन देशांतले आकडे जुळत नाहीत : निर्यातदार माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत लिहितो, तर बहुतेक आयातदार त्यात भाडं आणि विमाही धरतात. स्वस्त आणि अवजड मालात हा फरक डोळ्यांत भरतो.

पण ही सगळी प्रामाणिक गफलत. खरी लबाडी पुढच्या मथळ्यात आहे : ४४०२, लाकडी कोळसा.

२२ फेब्रुवारी २०१२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्र. २०३६ करून सोमालियाच्या कोळशावर बंदी घातली. बाभळीच्या जातीची झाडं तोडून केलेला हा कोळसा आखाती देशांत हुक्क्याला आणि कबाबाच्या शेगड्यांना लागतो, आणि त्यावरची वसुली अल-शबाब या दहशतवादी संघटनेच्या खिशात जात होती. त्याच वर्षी केनियाच्या फौजांनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी सोमालियातलं किसमायो बंदर अल-शबाबकडून घेतलं. तिथे कोळशाची लाखो पोती पडून होती. आता या पोत्यांचं काय करायचं? व्यापाऱ्यांना ती विकायची होती, सोमालियाचे राष्ट्राध्यक्ष हसन शेख मोहमूद यांचा विरोध होता. वाद चालूच राहिला आणि जहाजं निघाली.

माल उतरवून घ्यायला लागतं मूळ देशाचं प्रमाणपत्र. पाठवणाऱ्याचं नाव, जहाज, पोती, वजन, खाली शिक्का नि सही. हा कोळशाचा जन्मदाखलाच. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेख गटाला जे दाखले सापडले, त्यांवर जन्मस्थान होतं कोमोरोस, घाना, आयव्हरी कोस्ट. कोमोरोस म्हणजे हिंदी महासागरातली चिमुकली बेटं, क्षेत्रफळाने रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण चौथाई. तिथून जहाजंच्या जहाजं भरून कोळसा कसा निघेल, ही शंका जकात अधिकाऱ्याला येऊ नये? याच गटाच्या २०१८च्या अहवालात तर पुढची पायरी आहे : माल इराणच्या मुक्त बंदरांत उतरायचा, पांढऱ्या पोत्यांत भरला जायचा, 'इराणचे उत्पादन' असा छाप लागायचा आणि तिथून दुबईकडे निघायचा.

त्याच अहवालाचा हिशोब बोलका आहे. वर्षाला सुमारे तीस लाख पोती, घाऊक बाजारात किंमत पंधरा कोटी डॉलर. अल-शबाबची नाक्यांवरची वसुली पोत्यामागे अडीच डॉलर, म्हणजे पंचाहत्तर लाख. ज्यांना रोखण्यासाठी बंदी घातली, त्यांचा वाटा जेमतेम विसावा. बाकीचा पैसा स्थानिक प्रशासन, जहाजवाले आणि आखातातल्या व्यापाऱ्यांत वाटला जायचा. बातम्या मात्र दहशतवाद्यांच्याच छापल्या गेल्या.

म्हणून देशादेशांच्या आयातीची तुलना करणाऱ्या कोष्टकांवर माझा विश्वास बेताचाच. त्यांत जळण मोजलेलं नसतं, कागद मोजलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये बंदी घालणं सोपं. ती टिकते की मोडते, हे ठरतं माल उतरवून घेणाऱ्या बंदरातल्या टेबलावर. तिथे बसलेल्या माणसाने नकाशा उघडून बघितला असता, तरी पुष्कळ पोती परत गेली असती.