जुन्या कपड्यांचं पुढे काय होतं?

गोव्यातल्या साखळी गावी आमच्या घरी दिवाळीआधी कपाट उपसलं की जुन्या कपड्यांचं एक बोचकं निघतं आणि कोणीतरी म्हणतंच, "देऊन टाका, त्याचे नवीन कपडे करतात हल्ली."

करतात, पण फार थोडे. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या 2017 च्या अहवालाप्रमाणे कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी 1 टक्कादेखील पुन्हा नवा कपडा होऊन येत नाही. कारण यंत्रात आहे. जुनं कापड दातेरी रुळांखाली पिंजतात तेव्हा तंतू तुटून आखूड होतो, आणि आखूड तंतूचं सूत जाडंभरडं, कच्चं निघतं. त्याचा सदरा होत नाही. ब्लँकेट, सतरंजी, पायपुसणं होतं.

हा धंदा बघायचा तर हरियाणातल्या पानिपतला. तिथे बायका उभ्या पात्यावर स्वेटर ओढून बटणं, चेन, लेबलं कापून काढतात आणि रंगाप्रमाणे ढीग लावतात. लाल ढिगाचं सूत लालच निघतं, त्यामुळे वेगळी रंगाई करावी लागत नाही. या सुताला शॉडी म्हणतात. इंग्लंडमधल्या बॅटली गावात ही युक्ती 1813 च्या सुमारास निघाली. बाजारात राखाडी स्वस्त ब्लँकेट दिसलं तर डोळ्यांजवळ धरून पाहा: त्यात निळे, तांबडे, हिरवे तंतू सापडतील.

"सुती आहे, मग काय अडचण?" हा दुसरा समज. लेबल वाचा. सुती म्हणून घेतलेल्या जीन्समध्ये अनेकदा 2 टक्के इलास्टेन असतं, आणि तो रबरी धागा तुटायच्या ऐवजी ताणला जातो, रुळांना गुंडाळतो. शुद्ध सुती सदऱ्याचीही शिलाई बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची.

दुकानातल्या "रिसायकल्ड पॉलिएस्टर" या चिठ्ठीनेही पुष्कळ जण फसतात. ते जवळजवळ सगळं पाण्याच्या बाटल्यांपासून येतं, जुन्या कपड्यांपासून नव्हे. बाटलीची पुन्हा बाटली झाली असती. तिचा टी-शर्ट झाला की ती वाट बहुतेक तिथेच संपते.

रसायनांनी सूत विरघळवून नवा तंतू काढता येतो, हे खरं आहे. पण स्वीडनच्या रिन्यूसेल कंपनीने त्यासाठी 2022 मध्ये मोठा कारखाना सुरू केला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये दिवाळं काढलं. तंत्र चालत होतं. मालाला पुरेसं गिऱ्हाईक मिळालं नाही.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. बुरशी धरलेलं, कचऱ्यात भिजलेलं कापड कोणी पिंजायला घेत नाही. साळगावच्या कचरा प्रकल्पातून कशाच्याच उपयोगी नसलेला सुका कचरा कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांत जळणाला जातो. तेव्हा द्यायचंच तर धुऊन, खडखडीत वाळवून, कोरड्या पिशवीत बांधून.

आणि गोधडी? तिला रिसायकलिंग म्हणायची टूम आहे, ते मला पटत नाही. गोधडीत कापड पिंजत नाहीत, तंतू अखंड राहतो. म्हणून तर ती वर्षानुवर्षं टिकते. आजीच्या गोधडीत सहा लुगडी आहेत, सगळी सुती. यंदा आईने नवी शिवायला काढली तेव्हा कपाटातल्या सगळ्या साड्या चाचपून झाल्या. सुती एकच निघाली. बाकीच्या सुईखाली नुसत्या सरकत होत्या.