समुद्र होडीची लांबी विचारत नाही

फ्रँक डाय या इंग्रज दर्यावर्द्याची ‘वाँडरर’ ही शिडाची होडी जेमतेम 4.82 मीटर लांब होती. ती वेफेरर जातीची उघडी डिंघी, म्हणजे वर छप्पर नाही की झोपायला केबिन नाही. एका सोबत्याला घेऊन डाय तिच्यातून 1963 मध्ये स्कॉटलंडहून आइसलंडला गेले आणि 1964 मध्ये नॉर्वेला पोचले. हे ऐकून कुणी याला वेडेपणा म्हणतो, कुणी नशीब. दोन्ही मतांच्या मुळाशी समजूत एकच असते : समुद्रावरची सुरक्षितता होडीच्या आकारावर ठरते.

गैरसमज : उंच लाटांत लहान होडी बुडणारच.

वस्तुस्थिती : नुसती उंची होडीला बुडवत नाही. लांब, संथ चढणाऱ्या लाटेवर हलकी होडी वर जाते आणि पलीकडे उतरते. घात करते ती माथ्यावर फुटणारी लाट, आणि अशा लाटा उथळ पाण्यात किंवा वाऱ्याच्या विरुद्ध प्रवाह वाहतो तिथे अधिक उठतात. इयन प्रॉक्टर यांनी 1957 मध्ये वेफेररची रचना केली, तेव्हा पुढे आणि मागे हवाबंद कप्पे ठेवले. त्यामुळे होडी पाण्याने भरली तरी तरंगते. उलटली, तर तळातून खाली सोडलेल्या सेंटरबोर्डच्या फळीवर भार देऊन ती सरळ करता येते आणि पाणी उपसता येते. जड कण्याच्या होडीपेक्षा ती सहज उलटते, हेही तितकेच खरे.

गैरसमज : वादळ आले की जवळचा किनारा गाठावा.

वस्तुस्थिती : वारा ज्या किनाऱ्याकडे ढकलतो, तोच सर्वांत धोक्याचा. तिथे खोली कमी होते, लाटा फुटतात आणि खडक जवळ येतात. डाय यांची पद्धत वेगळी होती. शीड काढायचे, डोलकाठी आडवी करायची आणि पुढच्या टोकाला लांब दोरावर सागरी नांगर सोडायचा. हा नांगर तळाला रुतत नाही. कापडाच्या शंकूसारखा तो पाण्यात ओढ निर्माण करतो आणि होडीचे तोंड लाटांकडे धरून ठेवतो. होडी तरीही हळूहळू वाहत जाते, म्हणून तिच्यामागे मोकळे पाणी हवे.

गैरसमज : हे सारे नशिबाचे खेळ; वाचले त्यांच्याच कथा आपण ऐकतो.

वस्तुस्थिती : हा आक्षेप वजनदार आहे. 1964 च्या सफरीत ब्यूफोर्ट मापनातल्या 9 क्रमांकाच्या, म्हणजे ताशी 75 ते 88 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात ‘वाँडरर’ वारंवार उलटली, डोलकाठीही मोडली. तयारीने संकट टळले नाही. पण संकटानंतर करायचे काय, याचे उत्तर तयारीनेच दिले. होडी तरंगत राहिली, ती पुन्हा सरळ केली गेली, मोडक्या डोलकाठीवर काम भागवले गेले. नशीब एखाद्या लाटेपुरते साथ देईल. एवढी कामे ते करून देत नाही. मात्र लाकडाला न बुडणारे करता येते, माणसाच्या शरीराला नाही. थंड पाण्यात हात लवकर बधिर होतात आणि झोपेविना निर्णय चुकतात. आजची संकटसूचक यंत्रे मदत बोलावतात, होडी सरळ करत नाहीत. म्हणून सुरक्षित पाण्यात, मदत जवळ ठेवून होडी मुद्दाम उलटवावी, भिजलेल्या अंगाने सरळ करावी, वाऱ्यात शीड आखडून पाहावे. हे सहज जमेपर्यंत किनारा सोडू नये.