खवले नसलेली मुनिया

पावसाळा सरला की महाळुंग्यातल्या कारखान्यांच्या कुंपणांबाहेर, अजून बांधकाम न झालेल्या भूखंडांवर गवतात दाणे भरतात. मुनियांची ही सुगी. चिमणीहून लहान, अकरा सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे हे पक्षी थव्याने उतरतात, काडीला लटकून दाणे सोलतात आणि ट्रकचा हॉर्न वाजताच सगळे एकदम उडतात. तेवढ्यात ओळखायचं असतं : ही ठिपकेदार मुनिया की पांढऱ्या कंठाची, म्हणजे सिल्व्हरबिल?

लिनियसने दोघींनाही १७५८ सालीच शास्त्रीय नावं दिली. प्रौढ पक्ष्यांत घोळ होत नाही. ठिपकेदार मुनियेचा चेहरा गडद विटकरी, चोच काळसर आणि छाती-पोटावर माशासारखे खवले. सिल्व्हरबिल मातकट, पोट मळकट पांढरं, चोच चंदेरी-निळसर.

घोळ करतात ती पिल्लं. ठिपकेदार मुनिया आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात वीण करते, म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर थव्यांत कोवळी पोरं भरपूर असतात. त्यांच्या अंगावर एकही खवला नसतो; सगळी सपाट तपकिरी. नवखा निरीक्षक लगेच ‘सिल्व्हरबिल’ लिहून मोकळा होतो.

मुरलेला निरीक्षक छातीवर विसंबत नाही. तो शेपटी बघतो. सिल्व्हरबिलची शेपटी काळी, लांब आणि टोकदार असते आणि उडताना तिच्या मुळाशी पांढरा डाग चमकतो. अर्थात नुसत्या पांढऱ्या डागावर भरवसा ठेवून चालत नाही, कारण पांढऱ्या पाठीच्या मुनियेलाही तो असतो. पण तिचा गळा काळपट तपकिरी. डाग, शेपटी आणि चोच असं तिन्ही जुळलं, तरच नाव लिहावं.

एवढा काटेकोरपणा हवाच. सिल्व्हरबिल कोरड्या, काटेरी झुडपांच्या माळरानाची. सुगरणीच्या सोडलेल्या खोप्यातही ती संसार थाटते. ठिपकेदार मुनियेला उंच गवत, भातशेती आणि ओलाव्याची जागा मानवते. गवताचं गोल घरटं ती स्वतः विणते. महाळुंग्यासारख्या झपाट्याने बदलणाऱ्या पट्ट्यात माळ संपतोय की ओलं गवत, हे या दोघींच्या वेगवेगळ्या नोंदींतून कळू शकतं. नावांची अदलाबदल झाली, तर ती खूण पुसली जाते. म्हणून थवा शेपटी न दाखवता भिंतीपलीकडे गेला, तर वहीत फक्त ‘मुनिया, जात अनिश्चित’ एवढंच लिहावं आणि पुढच्या थव्याकडे दुर्बीण वळवावी.