शुक्रवार हाइन्केलचा

पहाटे 5. मस्कतच्या मवालेहमधली सगळी झोपलेली, रंगकामाला हीच वेळ बरी. आवाजापायी काँप्रेसर बाल्कनीत ठेवलाय. जुलैची दमट हवा ओढून त्याच्या फिल्टरच्या बाटलीत पाणी साठतं, ते अधूनमधून काढायचं. आत मात्र एसी कोरडा. ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या तोंडावरच वाळतो, म्हणून त्यात रिटार्डरचे दोन थेंब.

साडेसात. इथे साडेसात म्हणजे पुण्यात नऊ. पोहे खातानाच आईचा फोन. ‘‘अजून तेच विमान करतोयस?’’

तेच. हाइन्केल एचई-8, डॅनिश नौदलाचं टेहळणी विमान. पहिली काही जर्मनीहून आली, पुढची परवाना घेऊन कोपनहेगनच्या नौदल गोदीत बांधली. पंखांचा पसारा जवळपास 17 मीटर. 1/72 मापात 23 सेंटिमीटरच्या आसपास. पंख प्लॅस्टिक शीटचे, मीच कापलेले.

साडेआठ ते बारा, फक्त फ्लोट. सी-प्लेनच्या मॉडेलची खरी परीक्षा इथेच. एक फ्लोट अर्धा मिलिमीटर जरी पुढे गेला, तरी अख्खं विमान तिरकं दिसतं. पंखांतली फट पुट्टीने बुजते, हा तिरकेपणा कशानेच लपत नाही. पुठ्ठ्याच्या जिगमध्ये दोन्ही फ्लोट समांतर धरायचे, वरून धड टेकवायचं, स्ट्रट एकेक करून चिकटवायचे. सुपरग्लू इथे नको. तो सरळ करायला उसंतच देत नाही. संथ वाळणारा इपॉक्सी घ्यावा.

मुलगी डोकावते. ‘‘बाबा, याला चाकं कुठायत?’’

‘‘हे ग्रीनलंडला जायचं. तिथे तेव्हा धावपट्टी कुठून आणणार?’’

दुपारी जुम्म्याच्या नमाजाला रस्ता शांत. इपॉक्सी वाळेपर्यंत वाचन. 1931 मध्ये नॉर्वेने पूर्व ग्रीनलंडचा एक पट्टा आपला म्हणून जाहीर केला. त्याच सुमारास डॅनिश भूगर्भशास्त्रज्ञ लाउगे कोखच्या मोहिमेत ही हाइन्केल विमानं खाडीतल्या मोकळ्या पाण्यावर उतरून नकाशांसाठी हवाई छायाचित्रं घेत होती. 5 एप्रिल 1933 ला हेगच्या न्यायालयाने या वादात डेन्मार्कच्या बाजूने निकाल दिला. युद्धासाठी घेतलेल्या या विमानाची माझ्या लेखी मोठी कामगिरी नकाशेच.

साडेचार. सीबच्या सूकमधून सर्वांत बारीक तंगूस आणला. ताणाच्या तारांना तोच चालतो. आमच्या आखाताला पाण्यावरची विमानं नवी नाहीत: त्याच काळात ब्रिटिशांची 203 स्क्वाड्रन बसऱ्याहून फ्लाइंग बोटी उडवत होती. पण त्या पोटावर बसणाऱ्या, त्यांना पोटाखालचे फ्लोट जुळवायची कटकट नाही.

सात ते दहा: तारा, मग लाल-पांढऱ्या राउंडेलची डिकल.

पहिलंच सी-प्लेन करणार असाल तर इतकंच सांगतो: रंगाची घाई नको, आधी फ्लोट कोरडेच जिगवर बसवून समोरून बघा.