अपघाताची भरपाई: दाखल्यावरचे टक्के आणि प्रत्यक्ष नुकसान

“डॉक्टर, दाखल्यावर टक्के जरा वाढवून घाला, केसला उपयोगी पडेल.” हाडांच्या ओपीडीत ही विनंती नेहमीची. समोरचा माणूस वॉकरवर उभा असतो, घरात काही महिने पगार आलेला नसतो, त्यामुळे रागावताही येत नाही. पण जितके टक्के तितकी भरपाई, हा समज चुकीचा आहे.

डॉक्टर शरीराचे नुकसान मोजतो. न्यायाधिकरण मोजते ते कमाईचे नुकसान. पायाचे ४० टक्के म्हणजे संपूर्ण शरीराचे ४० टक्के नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा फरक स्पष्ट केला: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. दुखापत तीच, भरपाई वेगळी. उपचार न करता सर्रास दिलेल्या दाखल्यांबाबत सावध राहा, असेही त्याच निकालात न्यायाधिकरणांना बजावले आहे. म्हणजे फुगवलेला दाखला उलटतपासणीत तुमच्याच अंगाशी येतो.

हिशेब असा होतो. समजा, शिरोली एमआयडीसीत माल पोहोचवणारा ३२ वर्षांचा टेम्पोचालक महिना २०,००० रुपये मिळवतो. वर्षाचे २,४०,०००. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढील वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. कमाईची क्षमता ४० टक्के घटली असे ठरले, तर वर्षाचे नुकसान १,३४,४००. या वयाला गुणक १६, म्हणजे २१,५०,४०० रुपये. उपचाराचा खर्च, वेदना, बुडालेले दिवस, सोबतीच्या माणसाचा खर्च हे वेगळे. म्हणून डॉक्टरांना टक्के वाढवायला सांगण्यापेक्षा आपण नेमके काय काम करत होतो ते सांगा. क्लच दाबता येत नाही, पोते उचलता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, हे केसपेपरवर लिहिलेले असू द्या. उत्पन्नाचा पुरावाही हवा: बँकेचे पासबुक, पगाराची स्लिप, साखर कारखान्याचे ऊसबिल.

पहिला कागद सर्वांत महत्त्वाचा

पोलिसांची झंझट नको म्हणून काही नातेवाईक कॅज्युअल्टीत “घरात घसरून पडला” असे सांगतात. तसेच लिहिले जाते, आणि पुढे विमा कंपनीचे वकील नेमका तोच कागद दाखवतात. खरे सांगा, एमएलसी होऊ द्या. पोलिसांकडून एफआयआर व पंचनाम्याची प्रत घ्या. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले सांभाळा. मूळ बिले मेडिक्लेमला देणार असाल तर आधी प्रती काढून त्यांवर रुग्णालयाचा शिक्का घ्या.

२०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजनाही आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमून दिलेल्या रुग्णालयांत मिळतात. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळण्याची वेगळी तरतूद आहे.

दावा कुठे, कधी?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात निपाणीजवळ झाला तरी तुम्ही कोल्हापूरला राहत असाल तर दावा कोल्हापुरात चालतो. १ एप्रिल २०२२ पासून मुदत सहा महिन्यांची आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका.

इथेच अनेकांची गल्लत होते. अपंगत्वाचा दाखला हाड जुळून उपचार संपल्यावरच नीट देता येतो, त्याला सहा महिन्यांहून जास्त काळ लागू शकतो. दाखल्याची वाट पाहत दावा अडवू नका. दावा आधी, दाखला नंतर दिला तरी चालतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यावे लागेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

हेल्मेट नव्हते किंवा तुमचीही चूक होती, तर रक्कम कमी होऊ शकते; तेवढ्याने दावा फेटाळला जातोच असे नाही. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही: ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते.