गोरेपणाचे क्रीम आणि मूत्रपिंडाचे आरोग्य

रुग्णालयाच्या जमाखर्चाचा तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. या दोन पानांत मात्र आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यापुढे एक असा विषय मांडावयाचा आहे, ज्याची सुरुवात आरशासमोर होते आणि शेवट कित्येकदा मूत्रपिंडविकार विभागात होतो. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. रोगनिदान हा त्याचा प्रांत नव्हे. तथापि टाळता येण्याजोग्या आजारावर कुटुंबाची पुंजी कशी खर्ची पडते, हे प्रशासनाच्या टेबलावरून रोज दिसते.

त्वचा उजळ करण्याचा दावा करणाऱ्या काही क्रीममध्ये पाऱ्याचे क्षार मिसळलेले असतात. त्वचेला वर्ण देणारे मेलॅनिन हे द्रव्य तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचे विकर आवश्यक असते. पारा या विकराचे कार्य रोखतो; म्हणून थोड्याच दिवसांत चेहरा उजळलेला दिसतो व वापरणाऱ्याचा विश्वास बसतो. परंतु पारा त्वचेवरच थांबत नाही. तो त्वचेतून रक्तात शिरतो, त्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाते आणि तो प्रामुख्याने मूत्रपिंडात साठतो. एकच टॉवेल वापरणाऱ्या किंवा आईच्या गालाला गाल लावणाऱ्या लहान मुलालाही त्याची बाधा होऊ शकते.

ही भीती केवळ पुस्तकी नाही. आपल्याच राज्यात, अकोला येथील एका कुटुंबातील आई व दोन मुली अशा तिघींना २०२२ साली मूत्रपिंडाचा विकार जडला. तिघी एकच क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा असल्याचे आढळले. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात, कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी’च्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. या विकारात मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांना इजा होऊन प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. २२ पैकी १५ रुग्णांमध्ये या विकाराचा एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. समाधानाची बाब अशी की, क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. याचाच अर्थ, कारण वेळीच कळले तर मूत्रपिंड वाचू शकते.

पाऱ्याप्रमाणेच शिसेही प्रसाधनांत आढळते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सिंदुराच्या ११८ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ९५ नमुने न्यू जर्सीतील दुकानांतून, तर २३ मुंबई व दिल्ली येथून घेतलेले होते. अमेरिकेत खरेदी केलेल्या नमुन्यांपैकी १९ टक्के आणि भारतातील ४३ टक्के नमुन्यांत शिशाचे प्रमाण तेथील मर्यादेहून, म्हणजे ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅमहून, अधिक होते. शिसे मुलांच्या बुद्धीच्या वाढीस बाधक असून त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. हळदीवर चुन्याची क्रिया करून बनविलेले पारंपरिक कुंकू निराळे आणि चमकदार रंगाची स्वस्त भुकटी निराळी, हा भेद गृहिणींनी ध्यानात ठेवावा.

कायदा याबाबत मूक नाही. आपल्या देशातील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये, डोळ्यांसाठीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारासुद्धा दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारास भारताने २०१८ साली मान्यता दिली. या कराराच्या २०२३ सालच्या जिनिव्हा परिषदेत, पारा मिसळलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरले. मात्र पत्ता नसलेली डबी कोपऱ्यावरच्या दुकानात वा ओळखीच्या ब्यूटी पार्लरमध्ये मिळत असेल, तर नियमांचा हात तेथवर पोहोचणे कठीण असते. तेथे ग्राहकानेच दक्ष राहिले पाहिजे.

खरेदी करताना उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत वेष्टनावर आहे ना, हे पाहावे. आयात मालावर आयात नोंदणी क्रमांक पाहावा. घटकांच्या यादीत ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ किंवा ‘कॅलोमेल’ असे शब्द असल्यास ती वस्तू घेऊ नये. ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांपासून दूर ठेवा’ अशी सूचना असलेले क्रीमही संशयास्पद समजावे, कारण पारा या धातूंशी संयोग पावतो. चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आल्यास, अथवा लघवीस फेस येऊ लागल्यास, क्रीम थांबवून तत्काळ डॉक्टरांना भेटावे आणि ती डबी सोबत आणावी. लघवीतील प्रथिनांची तपासणी अल्प खर्चाची आहे. डायलिसिसचा खर्च काय असतो, हे ज्या कुटुंबांनी सोसले आहे त्यांना सांगावयास नको.

अनेक रुग्ण क्रीमचा उल्लेख करीत नाहीत. ते औषध नव्हे असे त्यांना वाटते, किंवा सांगण्याचा संकोच वाटतो. म्हणून विश्वस्त मंडळास सविनय सूचना आहे की, बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर ‘चेहऱ्यास वा त्वचेस काय लावता?’ हा एक प्रश्न छापण्यात यावा. त्यास वेगळी आर्थिक तरतूद लागणार नाही. देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया उपचारासाठी आहे. तो खर्च करण्याची वेळच एखाद्या घरावर आली नाही, तर त्या दानाचे सार्थक अधिकच झाले असे आम्ही मानू.